‘युनो’ युद्ध टाळते का? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांतली व्याख्यानं, बारावीचे राज्यशास्त्राचे तास आणि व्हॉट्सॲप, या तीन वाटांनी हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. डिसेंबरची १९ तारीख जवळ आली की १९६१ च्या गोवा मुक्तीबद्दलचे येतात. आखातात ठिणगी पडली की तारवट्यांच्या, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरांतून येतात. तेच उत्तर दहा जणांना दहा वेळा लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवलं आहे.

१. युनो म्हणजे जगाचं सरकार का? त्यांचं स्वतःचं सैन्य कुठे असतं?

सरकार नाही आणि सैन्यही नाही. संयुक्त राष्ट्रं, म्हणजेच युनो, ही आज १९३ देशांची संघटना आहे. तिची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या होऊन २४ ऑक्टोबरला अंमलात आली. सनदेच्या ४३ व्या कलमात सैन्याची तरतूद आहे: सदस्य देशांनी करार करून आपल्या तुकड्या सुरक्षा परिषदेच्या हाताशी ठेवाव्यात. असा एकही करार आजतागायत झालेला नाही. त्यामुळे निळ्या शिरस्त्राणांचे शांतिसैनिक प्रत्येक वेळी नव्याने मागून आणावे लागतात, जत्रेच्या जेवणाला घराघरांतून भांडी गोळा करावीत तसे. कुणी किती द्यायचे, कधी परत न्यायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

२. मग युद्ध सुरू होण्याआधी ते करतात तरी काय?

बहुतेक वेळा बोलतात आणि बोलायला लावतात. सनदेच्या ३३ व्या कलमात वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय अशा वाटा दिल्या आहेत. ९९ व्या कलमाखाली सरचिटणीस स्वतःहून एखादा धोका सुरक्षा परिषदेपुढे आणू शकतात. यातलं बरंचसं काम बंद दाराआड होतं आणि जमलं तर बातमीही होत नाही.

बहारीनचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण आपल्याकडच्या कित्येक घरांतलं कुणीतरी तिथे नोकरी करून आलेलं असतं. ब्रिटिश १९७१ मध्ये आखात सोडून जाणार होते आणि इराण बहारीनला आपला प्रांत म्हणत होता. इराणच्या शहाला हा दावा सोडायचा होता, पण घरच्या लोकांपुढे माघार घेतल्यासारखं दिसायला नको होतं. जानेवारी १९६९ मध्ये, तेही नवी दिल्लीत पत्रकारांशी बोलताना, त्यांनी बळ वापरणार नाही असं सांगितलं. पुढे सरचिटणीस ऊ थांट यांचे प्रतिनिधी म्हणून व्हित्तोरियो विन्स्पिअर ग्विच्चार्दी बहारीनला गेले आणि सुमारे तीन आठवडे क्लब, संघटना, प्रतिष्ठित मंडळी आणि सामान्य माणसांना भेटत फिरले. सार्वमत घेतलं नाही. शब्दसुद्धा टाळला, कारण तो स्थानिक शासकांना नको होता. बहुसंख्यांना स्वतंत्र राष्ट्र हवंय असा अहवाल आला, सुरक्षा परिषदेने ११ मे १९७० रोजी तो एकमताने स्वीकारला आणि शहाला सांगता आलं की हे मी नाही, युनोने ठरवलं. गोळी झाडली गेली नाही म्हणून हे कुणाला आठवत नाही.

बांधाच्या तंट्यात ज्याला माघार घ्यायची असते त्यालाही मध्ये कुणीतरी लागतो. युनोचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो. दोन्ही बाजूंना लढायचंच असेल, तर हा मार्ग चालत नाही.

३. आमसभेचा ठराव आणि सुरक्षा परिषदेचा ठराव यांत फरक काय? टीव्हीवर दोन्हींना ‘युनोचा ठराव’ म्हणतात.

आमसभेत प्रत्येक देशाला एक मत, पण राजकीय प्रश्नांवर तिचा ठराव ही शिफारस असते. ग्रामसभेत मेगा प्रकल्पाविरुद्ध ठराव होतो आणि पुढे काय होतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. तरीही तो ठराव निरुपयोगी नसतो. जग कुठे उभं आहे ते त्यातून कळतं. सुरक्षा परिषदेत १५ देश असतात. सातव्या प्रकरणाखाली तिने घेतलेला निर्णय, उदाहरणार्थ शस्त्रबंदी किंवा बळाचा वापर करण्याची मुभा, सगळ्यांवर बंधनकारक असतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सहावं प्रकरण समजुतीचं, सातवं सक्तीचं.

४. व्हेटो म्हणजे नेमकं काय? तो काढून का टाकत नाहीत?

अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत दिलं तर सुरक्षा परिषदेचा ठराव पडतो. बाकी १४ बाजूने असले तरी. यातल्या तीन बारीक गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात.

तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नव्हे. कायम सदस्य तटस्थ राहूनही ठराव संमत होतो. परिषदेच्या कामकाजाच्या पद्धतीविषयीच्या प्रश्नांवर व्हेटो चालत नाही. आणि सहाव्या प्रकरणाखालच्या निर्णयात वादाचा पक्षकार असलेल्या देशाने मत देऊ नये असं २७ वं कलम सांगतं, पण हा नियम पुष्कळदा पाळला जात नाही.

काढून टाकायचा तर १०८ व्या कलमाप्रमाणे सनद बदलावी लागेल आणि त्या बदलाला या पाचांचीही मान्यता हवी. स्वतःच्या हातातलं हत्यार स्वतःच ठेवून द्यायला कोण तयार होणार? १९६५ मध्ये परिषद ११ वरून १५ ची झाली, व्हेटो तसाच राहिला. मात्र २६ एप्रिल २०२२ पासून एक छोटी गोष्ट बदलली आहे: कुणी व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा भरते आणि त्यावर चर्चा होते. व्हेटोमुळे परिषद अडकली तर प्रश्न आमसभेत नेण्याची सोय १९५० च्या एका ठरावाने केलेली आहेच. ती गोव्याच्या बाबतीत का वापरली गेली नाही ते पुढच्या उत्तरात.

५. १९६१ मध्ये गोव्याच्या प्रश्नावर युनोत काय झालं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा मागून सुरुवात करतो. भारताने १९५० मध्ये पोर्तुगालपुढे वाटाघाटीचा प्रस्ताव ठेवला. लिस्बनचं म्हणणं असं की गोवा ही वसाहतच नाही, पोर्तुगालचा भाग आहे. १९५१ मध्ये त्यांनी घटनेतही ‘सागरापलीकडचे प्रांत’ अशी दुरुस्ती करून घेतली. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यात वीसहून अधिक जण गेले.

पोर्तुगाल युनोत आला तो डिसेंबर १९५५ मध्ये. वसाहतींची माहिती युनोला द्यायची असते, ती त्याने नाकारली. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा प्रसिद्ध जाहीरनामा केला आणि दुसऱ्याच दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या वसाहतींची यादी दिली. तीत गोवा नावानिशी आहे. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार झाला आणि वातावरण तापलं. १४ डिसेंबरला ऊ थांट यांनी नेहरू आणि सालाझार दोघांनाही वाटाघाटींचं आवाहन केलं. तोवर उशीर झाला होता. ‘ऑपरेशन विजय’ ही भारताची लष्करी कारवाई सुरू झाली आणि १८ डिसेंबरला पोर्तुगालच्या मागणीवरून सुरक्षा परिषद बसली.

तिथे दोन ठराव आले. सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) यांचा ठराव पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा होता. तो ४ विरुद्ध ७ मतांनी पडला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव युद्धबंदी आणि भारतीय फौजांची माघार मागणारा होता. त्याला ७ मतं बाजूने, ४ विरोधात. संमत व्हायला तेवढी पुरेशी होती, पण विरोधातल्या चारांत सोव्हिएत रशिया होता. ठराव गळाला. अमेरिकेचे युनोतले प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन संतापून म्हणाले की हा युनोच्या मरणाच्या नाटकाचा पहिला अंक ठरू शकतो. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती दिली.

पाश्चात्त्यांनी विषय आमसभेत नेला नाही, कारण तिथे आशिया-आफ्रिकेच्या देशांची मतं कुणाकडे जाणार हे त्यांना कळत होतं.

६. मग भारताने सनद मोडली का? माझी मुलगी कायदा शिकते, तिच्या सरांनी ‘हो’ म्हटलं आणि घरात वाद झाला.

सरांचं म्हणणं पोकळ नाही. दुसऱ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात दुसऱ्या राज्याच्या भूमीविरुद्ध बळ वापरायला मनाई आहे. १५१४ क्रमांकाचा जाहीरनामा वसाहती संपवा म्हणतो, फौजा पाठवा म्हणत नाही.

भारताची बाजू युनोतले आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांनी परिषदेत मांडली: हा वसाहतीचा प्रश्न आहे, गोवा भारताचाच भाग, तिथे सीमाच खरी नाही, तर ओलांडली काय म्हणायची? त्यावेळी ही भूमिका बऱ्याच जणांना धाडसाची वाटली. पण १९७० मध्ये आमसभेने मैत्रीपूर्ण संबंधांचा जो जाहीरनामा केला, त्यात वसाहतीच्या भूमीचा दर्जा सत्ताधारी देशापासून वेगळा असतो हे स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे ‘गोवा म्हणजे पोर्तुगालच’ हा लिस्बनचा युक्तिवाद मागाहून तरी कोसळला. सुरक्षा परिषदेने भारताचा निषेध कधी केला नाही आणि त्याला संमतीही कधी दिली नाही. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केल्यावर वाद व्यवहारात मिटला.

माझं मत विचारलंत तर गोंयकार म्हणून मी या प्रश्नात तटस्थ नाही, आणि तसं सोंगही आणत नाही. एवढंच म्हणेन की चौदा वर्षं शांततेच्या सगळ्या वाटा एका बाजूने अडवून ठेवल्या होत्या, आणि अडवणाऱ्याला हलवण्याचं साधन युनोपाशी नव्हतं. आणि ज्या व्हेटोला आपण एरवी नावं ठेवतो, त्यानेच त्या रात्री आपल्याला हात दिला, हेही विसरू नये.

७. पोर्तुगालने हेगला भारतावर खटला घातला होता म्हणतात. कोण जिंकलं?

दोघांनीही आपणच जिंकलो असं सांगितलं. खटला गोव्याचा नव्हता, दादरा आणि नगर हवेलीचा होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथली पोर्तुगीज सत्ता स्वयंसेवकांनी उलथली आणि दमणहून फौज नेण्याची वाट भारताने बंद केली. युनोत प्रवेश मिळाल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबर १९५५ ला, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. निकाल १२ एप्रिल १९६० चा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपलं कोणतंही बंधन मोडलेलं नाही. हक्क आहे म्हटलं, पण तो वापरून सत्ता परत मिळवण्याची सोय ठेवली नाही. वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा, फार कसबाने लिहिलेला आहे.

८. पोर्तुगाल नाटोत होता. मग नाटो धावून का आली नाही?

नाटोच्या कराराच्या सहाव्या कलमात संरक्षणाचा प्रदेश आखून दिला आहे: युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा अटलांटिक. गोव्याची मांडवी त्यात बसत नाही.

९. निर्बंध घातले की देश वठणीवर येतो का?

कधी येतो, बहुधा गळती शोधतो. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला तेव्हा युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण यादीत तेल नव्हतं आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला राहिला. लढाई तेलावर चालते, म्हणून ती चालू राहिली.

आपल्याकडे हाच अनुभव उलट बाजूने घेतलेली पिढी अजून आहे. पन्नासच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. हे युनोचे निर्बंध नव्हते, एका देशाचे होते, पण धडा तोच. बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, चहा सिलोनचा येऊ लागला आणि खनिज लोखंड बोटी भरभरून बाहेर जात राहिलं. त्रास कुणाला झाला? घाटावरून पैसे येणाऱ्या घरांना आणि सीमेपलीकडे नातेवाईक असणाऱ्यांना. लिस्बनला फारसा नाही. १९९० च्या दशकात इराकमध्ये सामान्य माणूस भरडला गेला, तेव्हापासून देशाऐवजी ठरावीक व्यक्तींची खाती आणि प्रवास गोठवण्याकडे कल वाढला आहे.

१०. बहारीन सोडून आणखी एखादं युद्ध खरोखर टळल्याचं दाखवा.

तीन सांगतो, तिन्ही वेगळ्या जातीची.

बाकासी हा नायजेरिया आणि कॅमेरूनमधला मासळीचा आणि तेलाचा दलदली द्वीपकल्प. नव्वदच्या दशकात तिथे चकमकी झाल्या. हेगच्या न्यायालयाने २००२ मध्ये तो कॅमेरूनचा ठरवला. कितीतरी मोठा नायजेरिया ‘मानत नाही’ म्हणू शकला असता. तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी दोघांची संयुक्त समिती बसवली, २००६ मध्ये न्यूयॉर्कजवळ ग्रीनट्री इथे करार झाला, ऑगस्ट २००८ मध्ये हस्तांतर पुरं झालं. निकालानंतरची ही सहा वर्षांची चिकाटी नसती तर निकालपत्र कपाटात राहिलं असतं.

गांबियात डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष याह्या जामे निवडणूक हरले. आधी हार मान्य केली, मग फिरले. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या ‘इकोवास’ संघटनेने आधी शेजारचे राष्ट्राध्यक्ष समजूत घालायला पाठवले, सोबत सीमेवर फौजाही उभ्या केल्या. जानेवारी २०१७ मध्ये जामे विमानात बसून गेले. प्रादेशिक संघटनेला शेजाऱ्याचं घर आतून माहीत असतं. पण देश छोटा आणि तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला, हे सोडून या यशाची नक्कल करता येत नाही.

तिसरं मॅसेडोनिया. युद्ध नसतानाच शांतिसैनिक आधी नेऊन ठेवण्याचा हा पहिला प्रयोग, डिसेंबर १९९२ चा. सुमारे हजार सैनिक सीमेवर बसले आणि शेजारी युगोस्लाव्हिया जळत असताना इथे शांतता टिकली. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने मुदतवाढीवर व्हेटो वापरला. मॅसेडोनियाने नुकतीच तैवानला मान्यता दिली होती. २००१ मध्ये तिथे बंडाळी पेटलीच. सैनिक असते तर पेटली नसती असं कुणी सिद्ध करू शकत नाही. टळलेल्या युद्धाचा पुरावा देता येत नाही, ही या विषयाची कायमची पंचाईत.

११. एवढं जमतं तर रवांडात काय झालं?

तिथे युनोचे सुमारे अडीच हजार सैनिक आधीपासून होते. त्यांचे कॅनडियन प्रमुख रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला शस्त्रसाठ्यांची आणि कत्तलीच्या तयारीची खबर न्यूयॉर्कला कळवली. छापा घालायची परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने २१ तारखेच्या ठरावाने संख्या वाढवली नाही, २७० वर आणायला सांगितली. शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. इथे व्हेटोही आडवा आला नव्हता. आधीच्या वर्षी सोमालियात सैनिक गमावलेल्या अमेरिकेला आणि इतर बड्या देशांना त्यात पडायचं नव्हतं, एवढंच. पूर्वसूचना नव्हती ही सबब इथे चालत नाही.

१२. काश्मीरमध्ये युनोचे निरीक्षक आहेत ना? मग भारत मध्यस्थी नको का म्हणतो?

निरीक्षक जानेवारी १९४९ पासून आहेत. भारताच्या मते १९७२ च्या सिमला करारानंतर प्रश्न दोघांचा झाला आणि त्यांचं काम संपलं. पाकिस्तान हे मानत नाही आणि तक्रारी देत राहतो. यजमानाला नको असलेला पाहुणा फार काही करू शकत नाही. मात्र त्रयस्थाने घडवून आणलेली एक गोष्ट दीर्घकाळ टिकली: जागतिक बँकेच्या मध्यस्थीचा १९६० चा सिंधू पाणी करार. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतही तो मोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला.

१३. गोव्यात बाणावलीला एवढ्या परिषदा झाल्या. त्यांनी काही टळलं का?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स, मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री. त्याआधी नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या नेत्यांनी गोव्यातच बसून शीतयुद्धाच्या तणावावर ‘गोवा जाहीरनामा’ काढला होता. तो आज इथेही कुणाला आठवत नाही. २०२३ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जवळजवळ बारा वर्षांनी भारतात आले, आणि दोघांची वेगळी बैठक झालीच नाही. अशा संघटना निर्णय फारसे घेत नाहीत. एकमेकांशी न बोलणाऱ्यांना एका छताखाली आणतात. रस्ते मात्र तेवढ्यापुरते गुळगुळीत झाले.

१४. माझा नवरा तारवटी आहे. बोट तांबड्या समुद्रातून जाणार असेल तर युनोचा काही उपयोग आहे का?

थेट संरक्षण म्हणून नाही. १० जानेवारी २०२४ ला सुरक्षा परिषदेने येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवरचे हल्ले थांबवावेत असा २७२२ क्रमांकाचा ठराव केला. हल्ले चालूच राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पकडलेल्या ‘गॅलेक्सी लीडर’चे खलाशी चौदा महिन्यांनी सुटले.

उपयोग होतो तो कागदावरच्या हक्कांचा. युनोच्याच छत्राखालच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराला भारताने मान्यता दिली आहे. खलाशी चाच्यांच्या वा सशस्त्र दरोडेखोरांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा पगार चालू ठेवण्याची तरतूद त्यात नंतर घातली गेली. कामगार संघटनांच्या सामूहिक कराराखाली बोट असेल, तर युद्धजन्य म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यात जायला नकार देऊन कंपनीच्या खर्चाने परत येता येतं, आणि गेल्यास जादा भत्ता मिळतो. म्हणून सही करण्यापूर्वी करारनामा कोणत्या संघटनेच्या कराराखाली आहे ते बघून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा.

१५. १९९० मध्ये आम्ही कुवेतहून नेसत्या कपड्यांनी परतलो. तेव्हाची भरपाई अजून मागता येते का?

नाही. इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणात झालेल्या नुकसानीसाठी सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये भरपाई आयोग नेमला. दावे आपापल्या सरकारांमार्फत भरायचे होते आणि पैसा इराकच्या तेलविक्रीतल्या ठरावीक हिश्श्यातून आला. एकूण सुमारे ५,२४० कोटी डॉलर वाटले गेले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला आणि त्याच वर्षअखेर आयोग बंद झाला. जुने कागद घेऊन ‘अजून काम होईल’ असं सांगत कुणी पैसे मागायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.